घरबसल्या जगप्रवास : दूरचित्रवाणीवरील प्रवासकथन आणि परदेशगमनाचे निर्बंध

प्रवासाचा इतिहास लिहिताना जे प्रवासास निघाले त्यांचीच दप्तरे सामान्यतः चाळली जातात. यात्रेकरू, व्यापारी, वकील, धर्मोपदेशक, भूगोलसंशोधक यांच्या रोजनिश्या व पत्रे उपलब्ध असतात आणि इतिहासकाराची दृष्टी साहजिकच तिकडे वळते. परंतु कोणत्याही काळी प्रवासास निघणाऱ्यांपेक्षा घरी राहणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक होती, आणि दूरच्या देशाविषयी समाजाच्या मनात जे चित्र रूढ होते ते बव्हंशी या घरी राहिलेल्यांच्या मनातले चित्र असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र घडविण्याचे काम प्रामुख्याने दूरचित्रवाणीने केले. असे असूनही दूरचित्रवाणीवरील प्रवासपर कार्यक्रमांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती अद्याप क्षीणच आहे. मनोरंजनाच्या वर्गात त्यांची नोंद होते आणि विषय तेथेच संपतो.

या उपेक्षेच्या मुळाशी एक सोयीचा समज आहे. घरात बसून जग पाहणे हा आळशी माणसाचा प्रवास, खऱ्या प्रवासाची दुय्यम प्रत, असे मानले जाते. ज्याला जाता येते पण जाण्याचे कष्ट नकोत, तो पडद्यासमोर बसतो, असे या समजात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे. या प्रकारच्या कार्यक्रमांना ज्या देशांत सर्वाधिक दीर्घ आयुष्य आणि सर्वाधिक निष्ठावान प्रेक्षक लाभले, त्या देशांतील प्रेक्षकांना कार्यक्रम सुरू झाला तेव्हा परदेशी जाताच येत नव्हते. कोठे चलनाचा निर्बंध होता, कोठे राज्यसंस्थेचा, कोठे केवळ दारिद्र्याचा. बसून केलेल्या प्रवासाचा इतिहास हा मोठ्या अंशाने अडवलेल्या वाटांचा इतिहास आहे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य होय.

दूरचित्रवाणीने हा प्रकार नव्याने निर्माण केला असे मात्र नाही. रॉबर्ट बार्कर याने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे एकस्व मिळवले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी स्वतंत्र इमारत उभारली. मध्यभागी उभे राहून सभोवार पसरलेले परके शहर पाहावे, अशी ही योजना होती. टिपू सुलतानाचा ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण येथे पाडाव झाला, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराचे त्या संग्रामाचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र लंडनमध्ये प्रेक्षकांची गर्दी खेचू लागले. पोर्टरने श्रीरंगपट्टण पाहिलेले नव्हते. पाहणाऱ्यांना त्याची खंत वाटल्याचे दिसत नाही; बातमीला आकार मिळाला, एवढ्यावर ते संतुष्ट होते. दोन भिंगांतून पाहावयाच्या स्टीरिओस्कोपच्या जोडचित्रांनी पुढे ही सोय दिवाणखान्यात आणली. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन व्यवसायसंस्थेने एकेका देशाची जोडचित्रे क्रमाने लावून, नकाशा व मार्गदर्शक पुस्तक यांसह पेटीतून विकली. चित्र कोठे उभे राहून पाहावयाचे, दृष्टी कोणत्या दिशेस ठेवावयाची, हे नकाशावर रेषांनी दाखविलेले असे. खुर्चीत बसलेल्या माणसाला चालवत नेण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणता येईल.

तथापि दूरचित्रवाणीचा खरा पूर्वज शोधावयाचा तर तो व्याख्यानगृहात सापडतो. शिकागोचा बर्टन होम्स (१८७०–१९५८) हा काचेवरील रंगविलेल्या चित्रांच्या साहाय्याने प्रवासवर्णनपर व्याख्याने देई. १८९७ पासून त्याने त्यात चलच्चित्रांचीही भर घातली. व्याख्यान या शब्दाचा धसका घेणारा श्रोता दुरावू नये म्हणून १९०४ च्या सुमारास ‘ट्रॅव्हलॉग’ हा नवा शब्द त्याच्या जाहिरातींत आला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. आयुष्यात होम्सने आठ हजारांहून अधिक व्याख्याने दिली. प्रत्यक्ष जाऊन आलेला एक सभ्य, विनोदी, विश्वासार्ह गृहस्थ समोर उभा आहे; तो निवडेल तेच दिसणार आणि तो सांगेल तोच त्याचा अर्थ; मार्गाला आरंभ आणि शेवट आहे; श्रोत्याने फक्त बसावयाचे आहे. हा सारा आकृतिबंध होम्सच्या सभागृहात पक्का झाला. दूरचित्रवाणीने केवळ खुर्चीची जागा बदलली.

महाराष्ट्रापुरते पाहता, चित्र आणि निवेदक यांचा हा संयोग येथे नवखा नव्हता. कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे करीत रामायण-महाभारताची आख्याने सांगत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले, तेव्हा काचेवर रंगविलेली चित्रे प्रामुख्याने पौराणिक आख्यानांचीच होती. तंत्र तेच असूनही होम्सच्या पडद्यावर जपान आला आणि पटवर्धनांच्या पडद्यावर सीतास्वयंवर आले, हा भेद केवळ अभिरुचीचा मानता येत नाही. होम्सच्या श्रोत्यांपैकी काहींना तरी पुढल्या उन्हाळ्यात बोटीचे तिकीट काढणे शक्य होते. कल्याणच्या प्रेक्षकाच्या वाटेत धर्मशास्त्राचा समुद्रगमननिषेध उभा होता आणि त्यापलीकडे पैशाचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला आणि लवकरच तो नॉव्हेल्टी थिएटरात अधिक व्यापक प्रेक्षकवर्गापुढे गेला. फ्रान्समधील आगगाडी आणि कारखान्यातून बाहेर पडणारे फ्रेंच मजूर पाहणारा तो मुंबईकर, हा या प्रदेशातील पहिला बसलेला प्रवासी ठरतो. मात्र पुढे कित्येक दशके मराठी समाजाने परदेश पाहिला तो पडद्यावर नव्हे, छापील पानावर.

दूरचित्रवाणीच्या काळाचा आरंभ ब्रिटनपासून करण्याची प्रथा आहे, आणि बीबीसीच्या ‘झू क्वेस्ट’ या मालिकेस तिचे श्रेय देण्यात काही गैर नाही. डिसेंबर १९५४ मध्ये तिचे पहिले सत्र दाखविले गेले. सिएरा लिओन येथे जाऊन लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी प्राणी व पक्षी पकडून आणण्याची ती मोहीम होती. प्राणिसंग्रहालयातील जॅक लेस्टर यांनी कार्यक्रम सादर करावयाचा असे ठरले होते. पहिल्या भागानंतर ते आजारी पडल्यामुळे निर्माता डेव्हिड ॲटनबरो यास कॅमेऱ्यापुढे यावे लागले. एका दीर्घ कारकिर्दीचा उगम अशा अपघातात आहे. येथे अधिक महत्त्वाचे असे की सिएरा लिओन तेव्हा ब्रिटिश अंमलाखाली होते आणि १९६१ पर्यंत राहिले. प्रेक्षक ज्या देशात पडद्यावरून प्रवेश करीत होता त्याचा तो एका अर्थी मालकच होता, आणि पाहून झाल्यावर तेथील पक्षी लंडनच्या पिंजऱ्यात येऊन बसणार होता. दर्शन आणि संपादन यांचे इतके उघड साहचर्य पुढील काळात क्वचितच आढळते.

परंतु ब्रिटनचे उदाहरण सोडून जपानकडे वळल्याशिवाय या विषयाचे मर्म हाती लागत नाही. डिसेंबर १९५९ मध्ये जपानच्या टीबीएस या व्यापारी वाहिनीवर जगप्रवासाची एक मालिका सुरू झाली आणि थोड्याच अवधीत ती ‘कानेताका काओरु यांचा जगप्रवास’ या नावाने स्थिरावली. सादरकर्त्या काओरु कानेताका यांचा जन्म १९२८ साली कोबे येथे झाला. वडील भारतीय, आई जपानी. लॉस एंजेलिस येथे काही काळ शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि इंग्रजी वृत्तपत्रांतून लेखन करू लागल्या. १९५८ साली प्रवासी विमानांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून ७३ तास ९ मिनिटे ३५ सेकंदांचा विक्रम त्यांनी नोंदविला, आणि त्या प्रसिद्धीतून दूरचित्रवाणीचे दार उघडले. पुढील ३१ वर्षांत १,५८६ भाग प्रसारित झाले. सुमारे १५० देश पालथे घातले गेले आणि प्रवासाची एकूण लांबी ७० लाख किलोमीटरांच्या वर गेली. निर्मिती, दिग्दर्शन, निवेदन ही सर्व कामे कानेताका स्वतः करीत. बरोबर असे तो अगदी लहान चमू. रविवारी सकाळी, पुरुष निवेदक आकुतागावा ताकायुकी यांच्याशी गप्पा मारीत, काहीशा जुन्या वळणाच्या अतिशय आदबशीर भाषेत त्या आपल्या प्रवासाची हकीकत सांगत. बाई स्वयंपाकघरातून येऊन पाहुण्याशी बोलत आहेत आणि बोलण्याचा विषय मात्र आफ्रिकेतील राजदरबार आहे, असा काहीसा तो घाट होता.

ही मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या प्रेक्षकाला पर्यटनासाठी देशाबाहेर जाण्याची मुभाच नव्हती. युद्धोत्तर जपानमध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई होती, आणि शासकीय, व्यापारी अथवा शैक्षणिक कारण असल्याखेरीज परदेशगमनास परवानगी मिळत नसे. १ एप्रिल १९६४ रोजी, तोकिओच्या ऑलिंपिक वर्षात, हा निर्बंध उठला. तोही पूर्णपणे नव्हे : वर्षातून एकदा, आणि ५०० डॉलरच्या मर्यादेत. डॉलरचा भाव तेव्हा ३६० येन होता. त्या महिन्यात हवाई बेटांकडे निघालेल्या पहिल्या नऊ दिवसांच्या सहलींपैकी एकीचे शुल्क सुमारे ३,६४,००० येन होते; नवपदवीधराचे मासिक वेतन २०,००० येनच्या आसपास. म्हणजे दीड वर्षाचे संपूर्ण वेतन खर्चावे तेव्हा नऊ दिवस मिळणार. कायद्याने वाट मोकळी केली, पण ती वाट चालू शकणारे थोडेच होते. १९६४ साली परदेशी गेलेल्या जपानी नागरिकांची संख्या १,२८,००० च्या आसपास राहिली. त्याच सुमारास देशात दूरचित्रवाणी-संचांच्या नोंदी एक कोटीच्या पलीकडे गेल्या होत्या. हा टप्पा १९६२ सालीच ओलांडला गेला होता. या दोन आकड्यांमधील अंतर हीच कानेताकांची प्रेक्षकसंख्या, असे म्हटल्यास ते फार अतिशयोक्त होणार नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये, निर्बंध उठण्यापूर्वीच, एका प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात दहा अचूक उत्तरांसाठी हवाईची सफर हे पारितोषिक ठेवण्यात आले होते, यावरून त्या काळच्या आकांक्षेची कल्पना यावी.

कानेताकांच्या मालिकेस पॅन अमेरिकन या विमान कंपनीचे पाठबळ होते. ज्या प्रेक्षकास तिकीट विकत घेणे कायद्यानेच अशक्य, त्याच्यासमोर विमान कंपनीने आठवड्यामागून आठवडे आपली विमाने उडवीत राहावी, हे वरकरणी तर्कविसंगत वाटते. वस्तुतः त्यात दूरदृष्टी होती. बंद दाराबाहेर उभे राहून ते उघडेल तेव्हाची तयारी करणारा तो व्यापार होता. १९७० साली परदेशगामी जपानी नागरिक ६,६०,००० च्या वर गेले, १९७२ साली दहा लाख ओलांडले, आणि १९९० साली प्रथमच एक कोटीचा आकडा पार झाला. त्याच १९९० साली कानेताकांची मालिका बंद झाली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध ठामपणे जोडणे धाडसाचे ठरेल. ३१ वर्षे एकाच व्यक्तीवर चाललेल्या कार्यक्रमास थांबण्याची अन्य कारणेही असू शकतात. तरीही ज्या समाजात दरवर्षी एक कोटी माणसे बाहेर जाऊन येतात त्या समाजात ‘मी जाऊन आले, तुम्ही ऐका’ या भूमिकेचे वजन पहिल्यासारखे राहणे शक्य नव्हते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. शेजारच्या घरातील मुलगीच पॅरिसहून येऊन सांगू लागली होती.

जपानच्या सार्वजनिक वाहिनीने, एनएचकेने, १९८० साली चिनी दूरचित्रवाणीच्या सहकार्याने ‘रेशीममार्ग’ ही बारा भागांची मालिका प्रसारित केली, तिचे यशही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जपानी पर्यटक तोवर युरोप-अमेरिकेत सर्वत्र दिसू लागला होता. शिआन येथून निघून पामीरपर्यंत जाणारी ती वाट मात्र परकीयांना दशकानुदशके जवळजवळ बंद होती. पडद्यावरील प्रवासाचे आकर्षण पुन्हा एकदा जेथे पाय पोहोचत नाहीत त्या प्रदेशाकडे सरकले होते.

दुसरे मोठे उदाहरण सोव्हिएट संघाचे. तेथे १९६० साली मॉस्को दूरचित्रवाणीवर ‘चित्रपटप्रवास मंडळ’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. संस्थापक-सादरकर्ते व्लादिमीर श्नायदेरोव्ह हे जुन्या पिढीतील मोहीमपटांचे दिग्दर्शक. १९३२ साली ‘सिबिर्याकोव्ह’ या बर्फफोड्या जहाजाने उत्तर सागरी मार्ग प्रथमच एका हंगामात पार केला, तेव्हा ते त्या जहाजावर होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ पासून, कार्यक्रमाची सूत्रे युरी सेन्केविच या वैद्याकडे आली. सेन्केविच यांनी दक्षिण ध्रुवखंडावरील व्होस्तोक केंद्रात एक हिवाळा काढला होता आणि १९६९ साली थोर हेयरदाल यांच्या ‘रा’ या पॅपिरसच्या नौकेवर, सात देशांच्या सात खलाशांमध्ये, वैद्य म्हणून ते सामील झाले होते. सामान्य सोव्हिएट नागरिकास देश सोडण्यासाठी परवाना लागे व तो सहजासहजी मिळत नसे. भांडवली देशांत पर्यटक म्हणून जाणे ही थोड्यांच्या वाट्यास येणारी गोष्ट होती. अशा देशात आठवड्यातून एकदा एक माणूस शांतपणे खुर्चीत बसतो आणि समुद्रापलीकडच्या बेटांची गोष्ट सांगतो, कूस्तोच्या समुद्रतळाची चित्रे दाखवितो, याचा अर्थ काय, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही.

त्याचे उत्तर दुहेरी आहे. राज्यसंस्थेच्या दृष्टीने ही एक मोजून उघडलेली खिडकी होती : जाऊ न देता दाखवावयाचे, आणि दाखविताना निवडावयाचे. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र निवडून दाखविलेल्या चित्रातही निवडणाऱ्याच्या हेतूबाहेरचे काही शिल्लक राहते. निवेदन प्रवाळाविषयी असले तरी पार्श्वभूमीस दिसणारे दुकान, रस्त्यावरची मोटार, माणसांचे कपडे यांवरून कॅमेरा काढून घेता येत नाही. इतिहासकारास या कार्यक्रमांचे मोल वाटावे ते या कडेच्या दृश्यांसाठी. देशाबाहेर जाण्या-येण्याविषयीचा नवा सोव्हिएट कायदा मे १९९१ मध्ये मंजूर झाला, त्याच वर्षाअखेर खुद्द सोव्हिएट संघ लयाला गेला, आणि सीमा मोकळ्या झाल्या. प्रस्तुत प्रतिपाद्य यांत्रिकपणे लावावयाचे तर त्यानंतर सेन्केविचांचा कार्यक्रम ओस पडावयास हवा होता. तसे झाले नाही. २००३ साली त्यांचे निधन होईपर्यंत तो चालू राहिला. एक तर परवान्याची अट गेली तरी नव्वदीच्या दशकातील रशियन मध्यमवर्गाच्या खिशाने नवी सीमा उभी केली होती. दुसरे असे की तीस वर्षे त्याच माणसाबरोबर प्रवास केलेल्यास प्रदेशापेक्षा सोबतीची ओढ अधिक असते. अडवलेली वाट हे या प्रकाराच्या उदयाचे कारण असेल. त्याच्या टिकण्याचे कारण सर्वस्वी तेच असेल असे नाही.

आता मराठी समाजाकडे. येथे वाट प्रथम शास्त्राने अडविली होती. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला व पुढे अमेरिकेस गेल्या, आणि १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. ते वाचणाऱ्यांपैकी बहुतेक घरांत समुद्रपर्यटन ही प्रायश्चित्ताची बाब होती. हा अडसर पुढील दोन पिढ्यांत गळून पडला आणि स्वातंत्र्यानंतर त्याची जागा चलनटंचाईने घेतली. परदेशी जाणाऱ्यास रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने मिळणारी रक्कम इतकी तुटपुंजी असे की शिष्यवृत्ती, सरकारी काम किंवा परदेशस्थ यजमान यांवाचून केवळ हौसेखातर जाणे मध्यमवर्गास अकल्पनीय होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने हे निर्बंध अधिकच आवळले. मराठीतील प्रवासवर्णनाचा बहर नेमका याच दशकांतला आहे, हे साहित्याच्या इतिहासकारांनी लक्षात घ्यावयास हवे. प्रवासवर्णनाचा वाचक हा भावी पर्यटक नव्हता. आपण जाणार नाही हे गृहीत धरून तो वाचीत होता, आणि म्हणून त्याला हॉटेलांचे भाव नव्हे, माणूस भेटावयास हवा होता.

येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. पु. ल. देशपांडे १९५८ साली ब्रिटनला गेले ते आकाशवाणीच्या वतीने बीबीसीमध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी. भारतात दूरचित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र सुरू होण्यास २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्राच्या हाती पडली ती ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि तिच्यामागोमाग ‘पूर्वरंग’ (१९६३). दूरचित्रवाणी शिकावयास गेलेल्या माणसाने परतून जे पुस्तक दिले, त्यानेच दूरचित्रवाणीचे काम बारा वर्षे आधी केले. होम्सच्या सभागृहातील आकृतिबंध ‘अपूर्वाई’त जवळजवळ जसाच्या तसा आढळतो : ओळखीचा, आपल्यासारखाच बुजणारा, आपल्याच भाषेत हसणारा निवेदक पुढे, आणि जग त्याच्या मागे. मुंबई केंद्र सुरू झाल्यावरही परदेश दाखविणारी मोठी मराठी मालिका तत्काळ उभी राहिली नाही. ज्या देशात प्रेक्षकाला नेण्यास डॉलर नव्हते तेथे कॅमेरा नेण्यासही ते सुलभ नव्हते. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात दिसू लागली, आणि मराठी घरात बाहेरचे जग दिसू लागले ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी व दुसऱ्याच्या भाषेत. १९९९ च्या कायद्याने जुना चलनकायदा रद्द केला; २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाकाठी २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची सामान्य मुभा दिली. जपानला १९६४ साली ५०० डॉलरची वाट मोकळी झाली तेव्हा त्याच्या मागे चार वर्षांहून अधिक काळाचे स्वभाषेतील प्रवासकथन होते. मराठी समाजाजवळ त्या जागी पुस्तके होती.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रश्न अधिक खोल आहे. आल्बेर कान या फ्रेंच धनिकाने १९०९ ते १९३१ या काळात जगभर छायाचित्रकार पाठवून सुमारे ७२,००० रंगीत काचचित्रांचा ‘पृथ्वीचा दप्तरखाना’ जमविला. त्यांतील स्तेफान पासे हा १९१३-१४ मध्ये भारतात येऊन गेला. चित्रित झालेल्यांपैकी कोणासही ती चित्रे पाहावयास मिळण्याची शक्यता नव्हती. ती दाखविली जात पॅरिसजवळील बागेत, निमंत्रित पाहुण्यांना. जे दिसतात आणि जे पाहतात त्यांच्यामधील ही भिंत दूरचित्रवाणीनेही सहसा मोडली नाही. मायकेल पेलिनच्या १९८९ सालच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या बीबीसीच्या मालिकेत दुबईहून मुंबईपर्यंतचा प्रवास गुजराती खलाशांच्या गलबतावर होतो, आणि मालिकेतील सर्वांत आत्मीय भाग तोच आहे. पेलिन आपल्या चित्रणचमूस व्हर्नच्या कादंबरीतील नोकराचे, पास्पार्तूचे, नाव देऊन कॅमेऱ्यामागील माणसांचे अस्तित्व मोकळेपणी मान्य करतो. ही प्रामाणिकपणाची खूण आहे. तरीदेखील मुंबईच्या धक्क्यावर निरोप घेऊन पुढे जाणारा एकच आहे, आणि गोष्ट त्याच्याबरोबर जाते. खलाशी त्या क्षणी तिच्याबाहेर पडतात. या पार्श्वभूमीवर कानेताकांचे स्थान वेगळे दिसते. आशियातील एक स्त्री, तीही मिश्र वंशाची, सौजन्य न सोडता युरोपकडे कुतूहलाचा विषय म्हणून पाहते, ही १९५९ साली लहान गोष्ट नव्हती.

ज्या समाजांत वाट खुली झाली तेथे या प्रकाराने दुसरे रूप घेतले. बीबीसीने जानेवारी १९६९ मध्ये ‘हॉलिडे’ हा कार्यक्रम सुरू केला आणि तो २००७ पर्यंत चालला. त्यात जगाचे वर्णन गौण, कोठे जावे, काय खर्च येईल, कशापासून जपावे हा सल्ला प्रमुख. गंमत अशी की ब्रिटिश पर्यटकास वर्षाला ५० पौंडांपेक्षा अधिक चलन बाहेर नेण्यास १९६६ पासून असलेली बंदी तेव्हा अजून जारी होती. ती उठली जानेवारी १९७० मध्ये. म्हणजे सल्लागारही दार किलकिले असतानाच उंबरठ्यावर येऊन बसला होता. साक्षीदाराची जागा सल्लागाराने घेतली की निवेदकाचा श्रोत्याशी असलेला नातेसंबंध बदलतो. पहिला न जाणाऱ्याशी बोलत असतो, दुसरा गिऱ्हाइकाशी. आजच्या बहुसंख्य प्रवासपर कार्यक्रमांत ही दुसरी वाणीच ऐकू येते, आणि साधन म्हणून त्यांचा उपयोग करू पाहणाऱ्या अभ्यासकाने कोणाशी बोलणे चालले आहे हे प्रथम निश्चित केले पाहिजे.

साधनांविषयी आणखी एक गोष्ट. प्रसारित झालेले चित्र आणि चित्रित झालेले चित्र एकच असते असे धरून चालणे धोक्याचे आहे. ‘झू क्वेस्ट’च्या वेळी बीबीसीचा चित्रपट-विभाग ३५ मिलिमीटरच्या फितीसाठी आग्रही होता, जंगलात तो अवजड सरंजाम नेणे अशक्य म्हणून ॲटनबरो व छायाचित्रकार चार्ल्स लेगस यांना १६ मिलिमीटरची फीत हवी होती. अखेर तडजोड झाली ती अशी की १६ मिलिमीटरवर चित्रण करावे, पण अधिक स्पष्टतेसाठी रंगीत फीत वापरावी, आणि प्रसारणासाठी तिच्यावरून कृष्णधवल प्रत काढावी. ब्रिटनमध्ये तेव्हा रंगीत प्रसारण नव्हते. ही मूळ रंगीत फीत बीबीसीच्या संग्रहात साठ वर्षे पडून होती, आणि ती रंगीत आहे याची आठवणही उरली नव्हती. २०१६ साली ‘झू क्वेस्ट इन कलर’ या नावाने तिचे भाग दाखविण्यात आले, तेव्हा १९५४ च्या प्रेक्षकांनी करड्या छटांत पाहिलेले सिएरा लिओनचे अरण्य प्रथमच हिरवे दिसले.